पाय न टेकता



गेले चार दिवस या मांडवात आपण संतवाङ्मयावर ऐकले, मधुमेहावर ऐकले, काल तर शेअरबाजारावरही ऐकले. आणि आज पाचवे पुष्प गुंफावयास आम्ही चक्क मोटारसायकल घेऊन उभे राहिलो आहोत. चालकांनी विषय विचारला तेव्हा आम्ही तो भीतभीतच सांगितला. त्यांच्या कपाळावर एक आठी उमटली, पण सभ्य गृहस्थ. 'बोला, मात्र ज्येष्ठ मंडळी पुष्कळ असतात, जरा आवाज बेताचा ठेवा,' एवढेच म्हणाले. मोटारसायकल म्हटली की आवाज, हे समीकरण आपल्या मनात पक्के बसले आहे. रात्री अकरा वाजता सायलेन्सर काढलेल्या गाड्या आपल्या खिडक्यांखालून जातात, त्या ऐकून ऐकून ते बसले आहे. त्यात चालकांचा दोष नाही. म्हणून आरंभीच आश्वासन देतो, की आज ज्या खेळाविषयी आणि ज्या खेळाडूविषयी आम्ही बोलणार आहोत, त्या खेळात वेगाला काडीची किंमत नाही. पायी चालणारा माणूस पुढे निघून जावा इतक्या हळू चाललेली गाडी, हे तेथील नेहमीचेच दृश्य.

खेळाचे नाव ट्रायल्स. मराठीत त्याला कसोटी म्हणता येईल, पण तो शब्द क्रिकेटवाल्यांनी आधीच नेला आहे, तेव्हा आपण ट्रायल्सच म्हणू. हा खेळ आपणांस अगदी अनोळखी आहे असे नाही. शाळेच्या स्नेहसंमेलनात सावकाश सायकल चालविण्याची शर्यत असे, आठवते ना? सर्वांच्या मागून जो पोहोचेल तो पहिला, आणि मध्ये पाय टेकला की बाद. धिप्पाड मुले पहिल्या दहा हातांतच बाद होत आणि एखादा किडकिडीत, एरवी कोणाच्या खिजगणतीत नसलेला मुलगा हँडल डावी-उजवीकडे हलवीत शेवटपर्यंत टिकून राही. ट्रायल्सचा जीव त्या शर्यतीतच आहे. फक्त मैदानाच्या जागी शेवाळलेले धोंडे घाला, सायकलच्या जागी शंभर किलोंची मोटारसायकल घाला, आणि तो ओढा चढणीवर न्या.

नियम थोडक्यात सांगतो. ओढ्याच्या पात्रातून, झाडांच्या मुळांवरून, चिखलातून, उभ्या खडकावरून एक चिंचोळी वाट फिती लावून आखतात. अशा एका तुकड्याला आपण टप्पा म्हणू. टप्प्यावर निरीक्षक वही घेऊन बसलेला असतो. स्वाराने पायदानांवर उभे राहून तो टप्पा पार करावयाचा. एकदा पाय जमिनीला टेकला तर एक दंडगुण. अधिक वेळा टेकला तर तीन. गाडी थांबली, पडली किंवा फितीबाहेर गेली तर पाच. आमच्या कथानायकाच्या काळी साधारण हाच हिशेब होता. पुढे दोनदा टेकल्यास दोन असा बारकावा त्यात आला. अखेरीस ज्याचे दंडगुण सर्वांत कमी, तो विजयी. म्हणजे येथे मिळवावयाचे काहीच नसते. असलेले गमवावयाचे नसते, एवढेच.

ऐकावयास सोपे वाटते. आम्हांसही वाटले होते. काही वर्षांपूर्वी पावसाळ्याच्या दिवसांत आम्ही बदलापूरच्या पुढे कोंडेश्वरला बुलेट घेऊन गेलो. वाटेत एक लहानसा ओहोळ लागला, गुडघाभरही पाणी नव्हते. बरोबरचे मित्र म्हणाले, 'उतरून ढकलू.' आम्ही म्हणालो, 'छे! बसून जाऊ.' पुढच्या चाकाखाली नारळाएवढा गोटा आला, हँडल हातातून फिरले, आम्ही घाबरून मूठ पिळली, म्हणजे नेमके जे करू नये ते केले, आणि गाडीसह पाण्यात आडवे झालो. त्या निरीक्षकाच्या वहीत आमच्या नावावर पाच गुण पडले असते. आमच्या वहीत मात्र सायलेन्सरने भाजलेली पोटरी आणि तीन आठवड्यांचा लंगडेपणा एवढी नोंद झाली.

ती गाडी नीट करून घ्यावयास आम्ही आमच्या मिस्त्रींकडे नेली. कॅम्प तीनमध्येच त्यांचे गॅरेज आहे; नाव घेतलेले त्यांना आवडणार नाही. वडील फाळणीनंतर सिंधमधून आले, बराकीच्या एका खोलीत सायकलींची पंक्चरे काढू लागले, आणि मुलगा मोटारसायकलींत शिरला. त्यांनी सारी हकीकत शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाले, 'साईं, गाडी ताकत से नहीं चढती, कान से चढती है.' आम्हांस त्या वेळी या वाक्याचा अर्थ लागला नाही. पुढे सॅमी मिलरविषयी वाचू लागलो तेव्हा तो लागला, आणि आजच्या व्याख्यानाचे मूळ तेथे आहे.

पण मिलरकडे जाण्यापूर्वी या बुलेटचीच एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती आपल्यापैकी फार थोड्यांस ठाऊक असते. आपण बुलेट म्हणजे पोलीस, लष्कर आणि घरातील थोरला मुलगा असे समजतो. ही गाडी मुळात ट्रायल्सच्या चिखलात नावारूपास आली! इंग्लंडातील रेडिच गावी रॉयल एनफिल्डचा कारखाना होता. १९४८ मध्ये त्यांनी नव्या बुलेटचे नमुने तयार केले आणि जाहिरात करण्याऐवजी ते सरळ ट्रायल्समध्ये उतरविले. मागच्या चाकाला झोका देणारा चिमटा आणि शॉकॲब्सॉर्बर त्यांत होते. मागचे चाक ताठ बसविलेले असल्याखेरीज चिखलात पकड मिळत नाही, अशी त्या काळच्या जाणत्यांची समजूत होती. एनफिल्डने ती खोटी पाडली. जॉनी ब्रिटन नावाच्या तरुणाने याच जातीच्या गाडीवर १९५२ मध्ये आणि पुन्हा १९५७ मध्ये स्कॉटलंडची सहा दिवसांची ट्रायल जिंकली. आपल्या लष्कराने सीमेवरच्या गस्तीसाठी बुलेटची मागणी नोंदविली आणि १९५५ पासून मद्रासला तिची जुळणी सुरू झाली, हा पुढचा इतिहास आपणांस माहीत आहे. दूध घालणारा भय्या दोन्ही बाजूंना कॅन लटकावून चिखलातून बुलेट हाकतो तेव्हा तो ब्रिटनचाच वारसा चालवीत असतो, आणि दंडगुण मोजणारे कोणी नसते म्हणून त्याची नोंद होत नाही.

आता मिलर.

सॅम्युएल हॅमिल्टन मिलर याचा जन्म ११ नोव्हेंबर १९३३ रोजी उत्तर आयर्लंडातील बेलफास्ट येथे झाला. तो तरुणपणी ट्रायल्सही खेळे आणि शर्यतीही धावे. दोन्ही खेळांत एकाच वेळी वरच्या पायरीवर असणे म्हणजे ख्यालगायकीत आणि कुस्तीत एकदम नाव कमावण्यासारखे आहे. पण त्याने ते जवळजवळ साधले होते. १९५७ मध्ये इटलीच्या मोंदियाल कंपनीने त्याला आपल्या अधिकृत पथकात घेतले. त्या वर्षी २५० सी.सी.च्या जागतिक अजिंक्यपदात तो तिसरा आला. पहिला सेसिल सँडफर्ड, दुसरा तार्क्विनियो प्रोविनी, दोघेही मोंदियालवरच. त्याच वर्षीची आइल ऑफ मॅनची शर्यत मात्र त्याच्या चाहत्यांना जन्मभर चुटपुट लावून गेली. आघाडीच्या गाड्यांत असताना, शेवट अगदी हाकेच्या अंतरावर आला असताना, तो घसरून पडला. गाडी पुन्हा सुरू होईना. तेव्हा त्याने ती ढकलत आणली आणि पाचवा क्रमांक घेतला. शर्यतीच्या पोशाखातील घामाघूम माणूस बंद गाडी ढकलत येत आहे, हे चित्र आम्हांस त्याच्या साऱ्या करंडकांहून अधिक बोलके वाटते.

त्या वर्षअखेरीस मोंदियाल, जिलेरा आणि मोटो गुझी या तिन्ही इटालियन कंपन्यांनी खर्च परवडत नाही म्हणून जागतिक शर्यतींतून अंग काढून घेतले. जगात तिसरा आलेला मुलगा जवळजवळ बेकार झाला. थोडे दिवस त्याने इकडेतिकडे शर्यती केल्या, आणि मग सगळे लक्ष ट्रायल्सवर केंद्रित केले. वेगाच्या खेळातून संथपणाच्या खेळात जाणे हे काहींना खाली उतरल्यासारखे वाटले असेल. पैसा तेथे नव्हता. प्रेक्षक म्हणजे रेनकोट घातलेले शेदोनशे लोक आणि त्यांची कुत्री.

बर्मिंगहॅमजवळ सेली ओक येथे एरियल कंपनीचा कारखाना होता. ही कंपनी १९४४ पासून बी.एस.ए.च्या मालकीची. आपले हे गाव वसले त्या जागी महायुद्धात लष्करी छावणी होती, हे येथे सांगावयास नको. ब्रिटिश सैन्याचे निरोपे त्या काळी ज्या गाड्यांवरून धावत, त्यांत बी.एस.ए. आणि नॉर्टन यांच्या जोडीला एरियलची ३५० सी.सी.ची गाडीही होती. याच एरियलची ५०० सी.सी.ची एकसिलिंडर ट्रायल्स गाडी मिलरच्या वाट्याला आली. तिचा क्रमांक जी.ओ.व्ही. १३२. इंग्लंडात हा क्रमांक आजही जुन्या शौकिनांसमोर उच्चारला तर त्यांची मुद्रा बदलते. आपल्याकडे एखाद्या जातिवंत घोड्याचे नाव घ्यावे तसे.

आणि येथे खरी गंमत सुरू होते. १९५८ मध्ये एरियलने लीडर नावाची टू-स्ट्रोक, पत्र्याने झाकलेली, घरगुती वापराची गाडी बाजारात आणली आणि १९५९ मध्ये आपल्या सगळ्या फोर-स्ट्रोक गाड्या बनविणेच बंद केले. म्हणजे मिलर ज्या वर्षी प्रथम ब्रिटिश अजिंक्य ठरला, त्याच वर्षी त्याची गाडी अनाथ झाली. दुकानात ती मिळेनाशी झाली. तिच्या विजयाने कंपनीचा एक नगही अधिक खपणार नव्हता. तरीही १९५९, ६०, ६१, ६२, ६३, ६४ अशी सहा वर्षे तो तीच गाडी चालवून अजिंक्य ठरत राहिला.

हे कसे साधले? तो चालवीत असे त्याहून अधिक वेळ तो ती गाडी उघडून बसत असे, हे त्याचे उत्तर. फोर-स्ट्रोक पाचशेची गाडी मुळात अवजड. मिलरने तिचा एकेक भाग हातात घेऊन वजन केले. चेसिस रेनॉल्ड्सच्या हलक्या पोलादी नळीची करून घेतली. पोलादाच्या जागी जमेल तेथे ॲल्युमिनियम आणि फायबरग्लास बसविले. बोल्टांना भोके पाडून ते पोकळ केले, असे त्या काळचे लोक सांगतात. अखेरीस ती गाडी सुमारे ११० किलोंवर आली. आपली साधी बुलेट १८० किलोंच्या आसपास असते, यावरून कल्पना करावी. आमचे मिस्त्री हे ऐकून इतकेच म्हणाले, की बोल्ट पोकळ करणारा माणूस एकतर वेडा असतो नाही तर त्याला घरी बायको नसते.

वजनापेक्षाही महत्त्वाची गोष्ट म्हणजे माप. पुढचा फोर्क किती अंशांत कललेला असावा, पायदाने किती मागे असावीत, दोन चाकांत अंतर किती, हँडल किती वळावे, याचा त्याच्याइतका विचार त्याच्यापूर्वी कोणी केला नसावा. फोर्क जितका उभा तितके हँडल चटकन वळते. पण फार उभा केला तर उतारावर गाडी डोक्यावर घेते. पायदान दोन बोटे मागे सरकविले की स्वाराचे वजन मागच्या चाकावर येते आणि टायर खडकाला धरून राहते. आणखी एक बोट सरकविले की पुढचे चाक हवेत. हे सगळे पुस्तकात वाचून कळत नाही. एक बदल करावयाचा, मागच्या अंगणात तोच खडक पन्नास वेळा चढावयाचा, पुन्हा उघडावयाची. टायरमध्ये हवा इतकी कमी ठेवावयाची की अंगठ्याने दाबले तर खड्डा पडावा. रस्त्यावर आपण भरतो त्याच्या चौथ्या-पाचव्या हिश्शानेच. मग रबर खडकावर पसरते आणि त्याला चिकटते. आणि मूठ अशी पिळावयाची की इंजिनाचे ठोके मोजता यावेत. ठोका पडला की चाक पकड घेते. ठोक्यांची रांग झाली की ते फिरून घसरते. मिस्त्रींचे 'कान से चढती है' हेच. मिलरच्या एरियलचे ठोके टप्प्याच्या खाली उभे राहून मोजता येत, असे त्याच्या चाहत्यांचे म्हणणे आहे.

आता स्कॉटलंडची सहा दिवसांची ट्रायल. ही स्पर्धा १९०९ पासूनची, जगातील सर्वांत जुनी. आपण येथे वैशाखाच्या उन्हात पंखे लावून बसलो असता, त्याच मे महिन्यात तेथे बेन नेव्हिस पर्वताच्या पायथ्याशी लोक गारठ्यात, कधी हिमवर्षावातही, ही ट्रायल खेळतात. रोज शंभर मैलांच्या आसपास मजल, दलदल, डोंगरातील पाऊलवाटा, आणि वाटेत तीसेक टप्पे. गाडी बदलता येत नाही. बिघडली तर ज्याची त्याने नीट करावयाची. पाइपलाइन नावाचा एक टप्पा आहे. ॲल्युमिनियमच्या कारखान्याकडे पाणी नेणाऱ्या प्रचंड नळांच्या कडेने तो चढतो. त्याची छायाचित्रे पाहून आम्हांस आमचा ओहोळ आठवला आणि लाज वाटली.

१९६१ मध्ये तेथे गॉर्डन जॅक्सन या स्वाराने ए.जे.एस. गाडीवर सहा दिवसांत मिळून फक्त एक दंडगुण गमावला. सहा दिवसांत एकदाच पाय टेकला! आणि दैवाची थट्टा पाहा, नेमक्या त्याच क्षणी तेथे कोणी छायाचित्रकार उभा होता. तो एकुलता एक टेकलेला पाय छायाचित्रात कायमचा अडकून बसला आहे. मिलर पुढच्याच वर्षी, १९६२ मध्ये, ही स्पर्धा प्रथम जिंकला. १९६४ मध्ये पुन्हा.

आणि १९६४ च्या अखेरीस त्याने एरियल सोडली.

येथे आम्ही जरा थांबतो. कारण साऱ्या चरित्रातील अवघड वळण हेच आहे, आणि त्याविषयी आमचे स्वतःचे मत पक्के होण्यास बराच वेळ लागला. बार्सेलोनाला फ्रान्सेस्क शाविएर बुल्तो नावाचे एक उद्योजक होते. मोंतेसा कंपनीत ते भागीदार होते. कंपनीने शर्यती सोडण्याचे ठरविले तेव्हा ते बाहेर पडले आणि १९५८ मध्ये त्यांनी बुल्ताको नावाचा आपला कारखाना काढला. त्यांच्याकडे चांगली टू-स्ट्रोक इंजिने होती, पण ट्रायल्सचा अनुभव नव्हता. त्यांनी मिलरला बोलाविले. बुल्तोंच्या मळ्यावर बारा दिवस मिलर त्यांच्या कारागिरांबरोबर बसला. चेसिस कापावयाची, जोडावयाची, खडकावर न्यावयाची, परत आणून पुन्हा कापावयाची. बारा दिवसांनी जी गाडी उभी राहिली तिचे नाव शेर्पा. २४४ सी.सी.ची, एरियलहून पुष्कळ हलकी. तेनसिंगांनी एव्हरेस्ट सर करून अकरा वर्षे झाली होती. डोंगर चढणाऱ्या गाडीला शेर्पा हे नाव मिळाले, याचा आपणांस थोडासा अभिमान वाटावयास हरकत नाही, जरी त्यात आपले कर्तृत्व शून्य असले तरी.

ज्या गाडीवर सहा वर्षे राज्य केले, जिच्या एकेका बोल्टवर हात फिरविला, ती सोडावयाची. आणि गाडीच नव्हे, तर देशाचा सगळा उद्योग सोडून परक्याच्या कारखान्याला आपली विद्या द्यावयाची. हा देशद्रोह म्हणावा काय? आम्ही एका मित्रमंडळात हा प्रश्न टाकला तेव्हा चांगले दोन तास रणकंदन झाले. एक म्हणाले, 'ज्ञान घरातच राहिले पाहिजे.' दुसरे म्हणाले, 'घराने विचारले तर ना!' बी.एस.ए.सारखी प्रचंड कंपनी एरियलची मालक होती. जगातील सर्वांत कुशल ट्रायल्स स्वार तिच्या दारात गाडीशी झटत होता. आणि त्याच्या हातून निघालेली गाडी स्पेनने बाजारात आणली. आम्ही त्या दुसऱ्या मित्राच्या बाजूचे आहोत. या गावात हे मत मांडावयास आम्हांस संकोच वाटत नाही. येथील कारागिरांच्या मालावर 'मेड इन यू.एस.ए.' म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, अशी थट्टा सबंध मुंबईने वर्षानुवर्षे केली. आणि थट्टा करणारेच शनिवारी गाडी पकडून खरेदीस येथे आले. माल कोठे झाला याहून तो कोणाच्या हातून झाला हे महत्त्वाचे, हे ज्यांना व्यवहाराने कळले आहे त्यांना मिलरचा निर्णय समजावून सांगावा लागू नये. तरीही पहिल्या मित्राची हळहळ आम्हांस खोटी वाटत नाही. मिलर स्वतः निर्धास्तपणे गेला असेल, असे आम्हांस तरी वाटत नाही.

निकाल मात्र चटकन लागला. १९६५ च्या मे महिन्यात स्कॉटलंडची स्पर्धा मिलरने शेर्पावर जिंकली. अवजड फोर-स्ट्रोक गाड्यांचे युग त्या दिवशी संपले, असे म्हणण्याची पद्धत आहे. एकदम संपले नाही; १९६६ मध्ये ॲलन लॅम्पकिनने बी.एस.ए.वर ती जिंकून दाखविली. पण १९६७ आणि १९६८ ची स्पर्धा पुन्हा मिलरची, बुल्ताकोवर. स्कॉटलंडात एकूण पाच विजय. ब्रिटिश अजिंक्यपद १९५९ पासून १९६९ पर्यंत सलग अकरा वर्षे. युरोपचे अजिंक्यपद १९६८ आणि १९७०. लहानमोठ्या स्पर्धा मिळून हजाराहून अधिक विजय. जागतिक अजिंक्यपद त्याच्या नावावर नाही, कारण ते १९७५ मध्ये सुरू झाले. आणि त्याचा पहिला मानकरी मार्टिन लॅम्पकिन, त्या ॲलनचाच भाऊ, बुल्ताकोवरच जिंकला. ज्या गाडीची घडण मिलरने केली तिच्या वंशातल्या गाडीवर दुसऱ्याने जगज्जेतेपद मिळविले.

शेर्पाच्या पाठोपाठ स्पेनच्या मोंतेसा आणि ओसा या कंपन्याही ट्रायल्सच्या गाड्या काढू लागल्या. कातालोनियाच्या डोंगरांत मुले सायकलीवरून खडक चढू लागली. त्यांतून पुढे जॉर्डी तारेस निघाला, सात वेळा जगज्जेता. आणि टोनी बोऊ निघाला. या बोऊने २००७ पासून २०२४ पर्यंत एकही वर्ष न चुकता, मैदानी आणि बंदिस्त अशी दोन्ही जागतिक अजिंक्यपदे मिळविली: अठरा आणि अठरा. आज ट्रायल्सचे माहेर म्हटले की लोक कातालोनियाचे नाव घेतात. आणि इंग्लंडात? बी.एस.ए. १९७३ पर्यंत कोलमडली. रेडिचचा एनफिल्ड तर त्याआधीच बंद झाला होता, आणि बुलेट मद्रासमध्ये तेवढी जगली. बुल्ताको तरी कोठे टिकली? १९८३ मध्ये तोही कारखाना कायमचा बंद झाला. कारखाने जातात. मिलरने फोर्कचा कल आणि पायदानाची जागा यांविषयी जे शोधून काढले, ते मात्र आजच्या बोऊच्या गाडीतही, पुष्कळ सुधारून का होईना, आहे.

मिलर पुढे होंडाकडे गेला आणि जपान्यांना ट्रायल्सची गाडी कशी असावी ते शिकविले. मग न्यू मिल्टन या गावी त्याने संग्रहालय काढले. शेकडो जुन्या मोटारसायकली तेथे आहेत, आणि त्यांतील पुष्कळ चालू स्थितीत ठेवलेल्या. जी.ओ.व्ही. १३२ तेथे आहे. २००९ मध्ये राणीने त्याला एम.बी.ई. हा किताब दिला. उतारवयातही तो अंगरखा घालून कार्यशाळेत काम करीत असे आणि जुन्या गाड्या बाहेर काढून चालवून दाखवीत असे. संग्रहालयात गाडी मेली की ती शोभेची वस्तू होते, असे काहीसे त्याच्या वागण्यावरून दिसते.

आपल्याकडे हा खेळ रुजला नाही, याचे कारण शोधावयास लांब जावे लागत नाही. खास ट्रायल्सची गाडी परदेशातून आणावयाची म्हणजे तिच्या किमतीत येथे खोली घेता येते. आपल्या देशातील मोटारसायकलपटूंनी इतर प्रकारांत मोठे पराक्रम केले आहेत, बंगळूरच्या सी. एस. संतोष यांनी २०१५ मध्ये डकार रॅली पुरी केली, तसे करणारे ते पहिले भारतीय. पण खडकावर पाय न टेकता उभे राहणे, याला अजून कोणी विचारीत नाही. खडकांची टंचाई आहे असे तर मुळीच नाही. मलंगगडापासून बारवीपर्यंत देवाने टप्पे आखूनच ठेवले आहेत, आणि पावसाळ्यात आपले रस्तेही त्या कामी काही कमी पडत नाहीत.

हे सारे आम्ही मागील आठवड्यात मिस्त्रींना सांगितले, तेव्हा त्यांच्या गॅरेजात काम करणारा सोळासतरा वर्षांचा मुलगा पाना हातात धरून ऐकत उभा होता. हा मुलगा रात्री सायलेन्सर काढून गाडी पळविणाऱ्यांपैकीच एक. त्याचा एक सोबती गेल्या दिवाळीत असाच पडला आणि त्याच्या पायात अजून सळई आहे. तो मुलगा म्हणाला, 'साहेब, हळू चालवण्यात काय कठीण आहे?' मिस्त्रींनी उत्तर दिले नाही. त्यांनी अंगणात सहा विटा मांडल्या, हात-दोन हात अंतरावर, नागमोडी. जुनी बुलेट बाहेर काढली. आणि त्याला खूण केली. पहिल्या खेपेस त्याने पाच वेळा पाय टेकला. दुसऱ्या खेपेस तीन वेळा. मग त्याने जेवणाची सुटी घेतली नाही. संध्याकाळी आम्ही परत गेलो तेव्हा तो गाडीवर उभा होता, जीभ दातांत धरलेली, इंजिन इतके मंद की दोन ठोक्यांच्या मध्ये 'आता बंद पडते' असे वाटावे. आणि गल्लीतील सारी मुले मोठमोठ्याने मोजत होती. आम्ही पाहत असता त्याचा एकदा पाय टेकला.

चालकांची परवानगी आम्ही आधीच घेतली आहे. मिस्त्री ती बुलेट आणि त्या सहा विटा घेऊन आले आहेत, मांडवाच्या मागे, पाण्याच्या टाकीजवळ. अध्यक्षांचा समारोप झाल्यावर ज्यांना इच्छा असेल त्यांनी तिकडे यावे. तो मुलगाही आला आहे, पण त्याने पहिली पाळी घेऊ नये असे आम्ही त्याला बजावले आहे. वडीलधाऱ्यांना आधी संधी. साडी-धोतर सांभाळावे, हेल्मेट मिस्त्रींकडे मिळेल. वही आमच्याजवळ आहे.